डॅन्यूबवरची क्रूझ: आम्हा दोघांना मानवेल का?

गवतीचहा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही दोघं, वय ६४ आणि ६१, मु. पो. कोथरूड. हे बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, माझी शाळा या मार्चमध्ये सुटली. पुढच्या सप्टेंबरात युरोपला जायचं ठरतंय आणि एका एजंटने डॅन्यूबवरची सात रात्रींची क्रूझ सुचवली आहे. जर्मनीतल्या पासाऊला चढायचं, बुडापेस्टला उतरायचं. विमान आणि व्हिसा सोडून माणशी पावणेतीन लाख. माहितीपत्रकातले फोटो बघून मी विरघळले आहे, पण रक्कम मोठी आहे, म्हणून आधी तुम्हाला विचारते.

आमचा स्वभाव सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. २०१४ साली आम्ही पंधरा दिवसांत नऊ देश अशी टूर केली होती. त्यातलं मला आता आठवतं ते म्हणजे पहाटे साडेपाचला खोलीबाहेर काढून ठेवायच्या बॅगा. त्यानंतर कानाला खडा. मग कुमाऊँमध्ये एकाच गावात सहा दिवस राहिलो, ती सहल दोघांनाही फार आवडली. यांना रात्रीचं जेवण झालं की पाय मोकळे करायला लागतात. कुठल्याही गावी जा, हे बंद दुकानांच्या काचेतून आत डोकावत, पाट्या वाचत तासभर हिंडणार. मला एका जागी बसून बघत राहायला आवडतं. उजवा गुडघा कुरकुरतो. मी शाकाहारी, यांना मासे चालतात.

लेक आइंडहोवनला असते. तिचं म्हणणं, "बाबा तिसऱ्या दिवशी कंटाळतील." ज्यांनी अशी क्रूझ केली आहे, त्यांनी खरंखुरं सांगा. फोटो टाकलेत तरी चालेल, पण फोटोंवर माझा आता विश्वास नाही.

निवांतराव

ताई, डोळे मिटून जा. आम्ही ॲमस्टरडॅम ते बाझेल अशी ऱ्हाईनवरची केली. पहिल्या दिवशी कपडे कपाटात लावले ते आठव्या दिवशी काढले. रोज सकाळी पडदा सरकवला की नवं गाव दारात. कोलोनला बोटीतून उतरलो आणि रमतगमत गेलो तरी दहा-पंधरा मिनिटांत त्या प्रचंड कॅथीड्रलपाशी. समुद्रावरच्या क्रूझसारखे तीन-चार हजार लोक नाहीत, आम्ही दीडशेच्या आसपास होतो. कॅसिनो नाही, पाण्याच्या घसरगुंड्या नाहीत, बोट लागणंही नाही. आमच्या हिला मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा मळमळतं, तिथे आठ दिवस लिंबूसुद्धा हुंगावं लागलं नाही.

बॅगांचा त्रास हीच तुमची मुख्य तक्रार असेल, तर याला तोड नाही.

ऱ्हाईनकाठी

मी गेली अकरा वर्षं माइन्त्सला राहतो. या बोटी रोज बघतो, काठावरून. त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा उलट्या बाजूचा.

बोट सकाळी नऊच्या सुमाराला लागते. चाळीस माणसं गाईडचं बोलणं ऐकायचं यंत्र कानात अडकवून, नंबराची पाटी धरलेल्या गाईडमागे निघतात. दीड-दोन तासांचा फेरफटका, मग तासभर 'मोकळा वेळ', आणि जेवायला परत बोटीवर. दुपारी बोट सुटते. आता गंमत अशी की ही गावं खरी रंगतात ती पाचनंतर. लोक कामावरून सुटतात, चौकात खुर्च्या येतात, चर्चच्या घंटा होतात, पोरं कारंज्यापाशी दंगा करतात. त्या वेळी बोटीवरची मंडळी पाच पदार्थांच्या जेवणाला बसलेली असतात आणि बोट पुढच्या गावाकडे निघालेली असते. गावाची सकाळ तुमची, संध्याकाळ आमची.

एक कबूल केलं पाहिजे. मधल्या ऱ्हाईनचा ६५ किलोमीटरचा टप्पा, रुडेसहाइम ते कोब्लेन्त्स, बोटवाले शक्यतो दिवसाच नेतात. दोन्ही काठांना किल्ले, उतरणीवर द्राक्षमळे, मध्ये लोरेलायचा १३२ मीटरचा कडा. डेकवर बसून हे बघणं म्हणजे सुख आहे. पण तेवढंच हवं असेल तर उन्हाळ्यात तिथे दिवसाच्या प्रवासी बोटीही चालतात. तिकीट काढा, बसा, हव्या त्या गावी उतरा.

तुमच्या यजमानांचा रात्रीचा फेरफटका वाचला आणि मला लेकीचं म्हणणं पटलं.

गवतीचहा

संध्याकाळचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यांना वाचून दाखवलं. हे काही बोलले नाहीत. माहितीपत्रकातलं मधलं पान काढलं, पेन्सिल घेतली आणि बँकेत खतावणी तपासायचे तसे प्रत्येक गावापुढे येण्याची आणि सुटण्याची वेळ लिहीत बसले. मेल्क सकाळी ८ ते १२. ड्युर्नश्टाईन दुपारी २ ते ६. ब्रातिस्लाव्हा १ ते साडेसहा. व्हिएन्नाला एक रात्र मुक्काम, बुडापेस्टला एक. खाली रेघ मारून लिहिलं: "सातनंतर जमिनीवर: २." आणि पान माझ्यासमोर ठेवून फिरायला गेले.

निवांतराव

हाहा! तुमचे हे भारी आहेत. पण ताई, डॅन्यूबच्या वाखाऊ नावाच्या त्या पट्ट्यात डेकवर बसून कॉफी पिताना कुणाला संध्याकाळ आठवत नाही.

इंजिनरूम

तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यामुळे नदीतल्या बोटीवर बायको केबिनमध्ये असायची आणि मी कप्तानाच्या मागे उभा. आम्ही लांबची केली, ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट, पंधरा दिवसांची. थोडं तांत्रिक लिहितो, कारण निर्णय याच्याशी बांधलेला आहे आणि एजंट हे सांगत नाहीत.

या बोटींची मापं नदी ठरवते. लांबी जास्तीत जास्त १३५ मीटर, रुंदी ११.४ मीटरच्या आसपास. का? तर माईन नदीवरची आणि माईन-डॅन्यूब कालव्यावरची लॉक्स, म्हणजे पाण्याचे जिने, १२ मीटर रुंद आहेत. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते. रात्री अडीचला मी केबिनची काच सरकवली आणि हात बाहेर काढला तर शेवाळलेली ओली काँक्रीटची भिंत हाताला लागली. भिंत हळूहळू वर जात होती, म्हणजे आम्ही खाली चाललो होतो. मला त्या रात्री झोप आली नाही, आनंदाने. बायकोला आली नाही, आवाजाने. पुढचा थ्रस्टर, म्हणजे बोट आडवी सरकवणारा पंखा, सुरू झाला की खालच्या मजल्यावर कुणी पिंप गडगडवत नेल्यासारखं वाटतं.

हा कालवा १९९२ साली पुरा झाला. १७१ किलोमीटर, आणि मधला सर्वांत उंच टप्पा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर. लोणावळ्याच्या दोन-तृतीयांश उंचीवर आख्खं हॉटेल पाण्यातून चढवत नेतात! मला विचाराल तर सगळ्या सहलीत हेच बघण्यासारखं. पण माईनवर ३४ लॉक्स आहेत आणि पूल इतके ठेंगणे की वरचा डेक तासन् तास बंद, खुर्च्या आडव्या, कप्तानाची केबिनसुद्धा खाली दबवतात. पासाऊ-बुडापेस्टमध्ये हा भाग येत नाही. गवतीचहा, तुमच्या दृष्टीने ते बरंच.

आता पाणी. सप्टेंबर म्हणताय म्हणून सांगतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये ऱ्हाईनवर काउब गावाच्या पाणीपातळीच्या पट्टीने २५ सेंटिमीटर दाखवले होते. नदी घोट्याएवढी झाली असा याचा अर्थ नव्हे, नौकामार्ग त्या आकड्यापेक्षा मीटरभराने जास्त खोल असतो. पण भरलेली बोट अडायला तेवढं पुरतं. डॅन्यूबवर बव्हेरियातला श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा पट्टा बंधाऱ्यांविना वाहतो, कमी पाण्यात तिथे बोटी हमखास अडकतात. तुम्ही त्याच्या खाली पासाऊला चढताय, म्हणजे एक अडथळा आपोआप टळला. वाखाऊ आणि व्हिएन्नाच्या पुढचा भागही मोकळाच वाहतो, तेव्हा शंभर टक्के हमी कुणी देऊ नये.

उलटंही होतं. पाणी वाढलं की पुलाखालून बोट जात नाही. जून २०१३ च्या पुरात पासाऊला पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, १५०१ नंतरचं सर्वांत जास्त. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियात पूर आला तेव्हा प्रवाशांसकट बोटी व्हिएन्नाला अडकून पडल्या होत्या.

करारातलं बारीक अक्षर वाचा. नदी बंद झाली तर कार्यक्रम बदलण्याचा हक्क बोटवाल्यांकडे असतो.

ठसका

इंजिनरूम साहेबांनी लिहिलं त्याचा जिवंत नमुना मी. ऑगस्ट २०२२, ऱ्हाईन. कंपनीचं नाव लिहीत नाही. सात दिवसांपैकी चार दिवस आम्ही बसमध्ये होतो. बोट एका बंदरात मालधक्क्याशेजारी उभी. सकाळी बसने दोन तास जायचं, गाव बघायचं, दोन तासांनी परत, आणि रात्री त्याच उभ्या बोटीत झोपायचं. नऊ देशांची टूर परवडली, तिथे निदान हॉटेल तरी बदलायचं.

आणि बाल्कनीवर पैसे घालवू नका! धक्क्यावर जागा कमी, त्यामुळे बोटी एकमेकींना चिकटवून दोन-दोन, तीन-तीन लावतात. मी पहिल्या सकाळी मोठ्या हौसेने पडदा उघडला, तर तीन फुटांवर दुसऱ्या बोटीत एक टकले गृहस्थ बनियनवर दात घासत होते. दोघंही दचकलो. मग त्यांनी ब्रश हलवून गुड मॉर्निंग केलं. शेवटच्या दिवसापर्यंत आमची चांगली ओळख झाली होती, भाषा मात्र एकमेकांची कळली नाही.

मूगभजी

ठसका, फुटले!! 😂

खाण्याचं मी सांगते. शुद्ध शाकाहारी, आणि तेही अंडं न खाणारी. आधी कळवलं होतं, तरी पहिल्या रात्री वेटरने विचारलं, "मासे चालतील ना?" दुसऱ्या दिवशी शेफ स्वतः टेबलाशी आला. त्यानंतर रोज रात्री तो उद्याचं विचारून जायचा आणि काहीतरी करून द्यायचा. उपाशी राहिले नाही, पण बटाटा, मशरूम आणि चीज यांची इतकी रूपं पाहिली की घरी आल्यावर आधी आमटी-भात केला. रात्रीचं जेवण दोन तास चालतं. सहा किंवा आठ जणांचं टेबल, शेजारी अमेरिकन नाहीतर ऑस्ट्रेलियन आजी-आजोबा. गप्पांची आवड असेल तर मजा. माझ्या नवऱ्याला नातवंडांचे फोटो बघून तिसऱ्या रात्री डोकेदुखी झाली (खरी नव्हे).

भारतीय गटासाठी आख्खी बोट घेतात, त्यात वरण-भात मिळतो असं ऐकून आहे. तिथे अंताक्षरीची तयारी ठेवा.

निवांतराव

अंताक्षरीत वाईट काय आहे? डॅन्यूबच्या मध्यावर "अ" आला की काय रंग चढेल!

ऱ्हाईनकाठी

काठावरून आम्ही ऐकतो ना, म्हणून सांगतोय. रंग पार द्राक्षमळ्यापर्यंत चढतो.

एकटीच_बाई

मी एकटी फिरते. क्रूझवाले एका माणसाच्या केबिनला कधी दीडपट, कधी जवळजवळ दुप्पट घेतात, म्हणून मी तो नाद सोडला आणि तोच डॅन्यूब हाताने विणला. क्रेम्सला चार रात्री, व्हिएन्नाला तीन, बुडापेस्टला तीन. व्हिएन्ना ते बुडापेस्ट रेल्वेने पावणेतीन तासांच्या आत. माझा एकूण खर्च तुमच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास आला, पण राहणं साधं होतं आणि दुपारचं जेवण बहुतेक ब्रेड-फळांवर.

वाखाऊ म्हणजे मेल्क ते क्रेम्स, जेमतेम ३६ किलोमीटर. मेल्कला बेनेडिक्टाइन मठ, तिथे १०८९ पासून साधू राहताहेत. सकाळी बसने मेल्कला जायचं आणि दुपारी प्रवाशी बोटीने नदीच्या ओघाबरोबर परत यायचं. उलटं करू नका, प्रवाहाविरुद्ध बोट रेंगाळते आणि वेळ जवळजवळ दुप्पट लागतो.

ड्युर्नश्टाईनला मी दोनदा गेले. दुपारी तीनला गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, तीन बोटी लागल्या होत्या, प्रत्येक दुकानात जर्दाळूचा जॅम, जर्दाळूची दारू, जर्दाळूचा साबण. दुसऱ्या दिवशी मुद्दाम साडेसहानंतर गेले. बोटी गेलेल्या. एक बाई दुकानासमोरची फरशी धूत होती, तिचं पाणी उतारावरून माझ्या चपलांपर्यंत आलं. वर पडका किल्ला, जिथे ११९२ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. निळ्या मनोऱ्याच्या चर्चची घंटा झाली आणि पुन्हा सगळं गप्प. गवतीचहा, तुमच्या मिस्टरांना हे पाहिजे आहे. माहितीपत्रकात "२ ते ६" लिहिलंय, ते दुसरं गाव आहे.

गवतीचहा

तुमचा प्रतिसाद यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "बघ." क्रेम्समध्ये भाड्याने सायकली मिळतात हेही लगेच शोधून झालं. सायकल ऐकून हे खूश, माझा गुडघा नाही. आणि तीन ठिकाणी बॅगा उचलायच्या, स्टेशनचे जिने, फलाट शोधायचा, हे सगळं कोण करणार? हे करतील, मान्य. पण बॅगा भरणार मीच. चाळीस वर्षं मीच भरतेय. सगळे म्हणताहेत की यांना क्रूझ मानवणार नाही. मला मानवेल की नाही, ते कुणीच सांगत नाहीये.

इंजिनरूम

बरोबर बोललात. मग गुडघ्याचं सांगतो. बोटीत लिफ्ट असते, पण ती बहुधा वरच्या डेकपर्यंत जात नाही आणि सर्वांत खालच्या मजल्यालाही पोचेलच असं नाही. एजंटकडून डेकचा नकाशा मागवा. केबिन मधल्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्याजवळ घ्या, इंजिन मागे आणि थ्रस्टर पुढे, दोन्हींपासून लांब. बोटी चिकटवून लावल्या की गावात जायला शेजारच्या बोटीतून जावं लागतं, कधी तिच्या छतावरून, म्हणजे जिना वर आणि जिना खाली. गावांत गोटे बसवलेले रस्ते. संथ चालणाऱ्यांचा वेगळा गट बऱ्याच बोटींवर करतात, त्याची चौकशी करा. डॉक्टर सहसा बोटीवर नसतो, कारण किनारा हाकेच्या अंतरावर. औषधं पुरेशी न्या.

पण बसून बघत राहायला आवडतं म्हणालात ना? मग बोट तुमचीच आहे. नदीवर फक्त काठ सरकत असतो. काठावर किलोमीटरच्या पाट्या असतात. डॅन्यूबचं अंतर काळ्या समुद्राकडच्या मुखापासून उलटं मोजतात, त्यामुळे बुडापेस्टकडे जाताना आकडे कमी कमी होत जातात. मी आणि बायको त्यावरून पैजा लावायचो, पुढची पाटी कुठल्या झाडाआड दिसेल. चार तास कसे गेले कळलं नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून एक वेगळी सूचना. डॅन्यूबचा हट्ट नसेल तर पोर्तुगालची डोरो बघा. माझी मावसबहीण पोर्तूला असते, तिच्यामुळे आम्ही केली. या नदीवर क्रूझच्या बोटी रात्री चालत नाहीत. जे काही आहे ते उजेडात, आणि अंधार पडला की बोट बांधलेली. पोर्तूपासून स्पेनच्या हद्दीपर्यंत साधारण २१० किलोमीटर, वाटेत पाच धरणं. कारापातेलूच्या लॉकमध्ये बोट एका दमात ३५ मीटर उचलतात, विहिरीच्या तळाशी उभं राहून आभाळाची चिंधी बघितल्यासारखं वाटतं. पिन्याऊच्या चिमुकल्या स्टेशनवर द्राक्षतोडणीची निळी चित्रं काढलेल्या फरशा आहेत, त्या चुकवू नका. सप्टेंबर म्हणजे ऐन तोडणी. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र भाजून निघाल.

बोट रात्री उभी असते खरी, पण वरच्या भागात जिथे उभी असते तिथे गाव म्हणजे धक्का आणि दोन दिवे. तुमच्या मिस्टरांना पाट्या वाचायला फक्त पोर्तूत मिळतील. आणि शाकाहाराचं विचारू नका. आमच्याकडे मासे न खाणारा म्हणजे सोमवारवाला, तिथे तेही कुणाला ठाऊक नाही.

वाटाड्या_पुणे

व्हिसाचं थोडक्यात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी सगळे शेंगेनमध्ये, एकच व्हिसा. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. म्हणून बोटवाल्यांकडून रात्रवार मुक्कामाचं पत्र घ्या. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. खाली बेलग्रेडपर्यंत जाणारी बोट घेतलीत तर सर्बिया शेंगेनबाहेर आहे, तेव्हा परत आत येण्यासाठी मल्टिपल एंट्री लागेल. रच्याकने, टिपेचे दिवसाला माणशी दहा-पंधरा युरो वेगळे धरा, ते पावणेतीन लाखांत बहुधा नसतील.

ठसका

आणि "प्राग ते बुडापेस्ट क्रूझ" असं कुणी विकलं तर नकाशा उघडा. प्राग डॅन्यूबवर नाही. बस. पुन्हा बस.

गवतीचहा

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. ठरलं.

बोट घेतली. पासाऊ-बुडापेस्ट, मधल्या मजल्यावरची, बाल्कनीशिवाय, खिडकीची केबिन. ठसका यांच्या टकल्या मित्रामुळे माणशी बावीस हजार वाचले, आभार. ते पैसे आणि वर थोडे घालून बुडापेस्टला उतरल्यावर पाच रात्रींचं भाड्याचं घर घेतलंय, पेश्त बाजूला, लिफ्ट असलेलं. तिथे कार्यक्रम काही नाही. सकाळी मी खिडकीत, संध्याकाळी हे रस्त्यावर. ड्युर्नश्टाईनच्या संध्याकाळची हळहळ यांना आहे. पण व्हिएन्नाच्या रात्री मी जेवण अर्धवट सोडून यांच्याबरोबर उतरायचं, असं कबूल करून घेतलंय माझ्याकडून. पेन्सिलीचा आकडा आता खोडून "७" केलाय.

लेकीने बाबांवर पन्नास युरोंची पैज लावली आहे. मी कुणाच्या बाजूने ते सांगत नाही.

एक शेवटचं. मेतकूट आणि छोट्या डबीत साजूक तूप नेलं तर चालेल ना?

मूगभजी

मेतकूट बिनधास्त न्या. तूप नाही, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेऊ देत नाहीत. पण बोटीवर लोणी मागा, भरपूर देतात. शेफला गरम भात सांगा. माझ्या शेफने मेतकुटाचा वास घेतला आणि विचारलं, "हे सूप आहे का?"